रद्दीत गेलेल्या प्रयोगवह्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरातील बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या गृहसंकुलांविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून बातम्या येतात. त्यांत जमिनीचा भाव असतो, कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा उल्लेख असतो, आणि तो असायलाच हवा. मात्र त्या कारखान्यांच्या विकास विभागात अभियंत्यांनी लिहिलेल्या वह्यांचे, चाचण्यांच्या तक्त्यांचे आणि आराखड्यांचे पुढे काय झाले, हे कधी वाचनात आले नाही. दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या, आता अस्तित्वात नसलेल्या एका कंपनीत मी सोळा वर्षे नोकरी केली असल्यामुळे निदान तिच्यापुरते त्याचे उत्तर मला ठाऊक आहे. ते सारे कागद किलोच्या भावाने गेले.

कंपनी बंद झाली तेव्हा यंत्रांची यादी झाली, खुर्च्या-टेबलांचीही झाली. विकास विभागातील दोन लोखंडी कपाटे विकायला काढण्यापूर्वी रिकामी करण्यात आली आणि आतला ऐवज गोण्यांत भरून टेम्पोत चढवला गेला. त्यातून मला एकच वही काढून घेता आली. तिच्यात १९८६ च्या पावसाळ्यातील नोंदी आहेत. कोकणातून परत येणाऱ्या संचांमध्ये ईएचटी ट्रान्सफॉर्मरमधून (चित्रनळीला अतिउच्च दाबाची वीज पुरवणाऱ्या भागातून) ठिणग्या उडत होत्या आणि आमचे एक ज्येष्ठ सहकारी त्याचे कारण शोधत होते. वार्निशचे तीन प्रकार, भट्टीचे तापमान, दमट पेटीत ठेवल्याचे तास असे रकाने आखलेले आहेत आणि अनेक ओळींच्या शेवटी लाल पेन्सिलीने ‘हाही गेला’ असे लिहिले आहे. पाच महिन्यांनंतर उलगडा झाला, की रेझिन ओतल्यानंतर ट्रान्सफॉर्मर लगोलग भट्टीबाहेर काढल्याने त्यात डोळ्यांना न दिसणारे तडे जात होते आणि दमट हवा तेथून आत शिरत होती. कारखान्याच्या अधिकृत आराखड्यावर या साऱ्याची एकच ओळ उतरली: ‘भट्टीतच ६ तास थंड होऊ द्यावे.’ का, हे त्या आराखड्यात कोठेही नाही. ते फक्त या वहीत आहे.

हे आठवण्याचे कारण अमेरिकेतील आरसीए या रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बनवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांविषयी नुकतेच वाचनात आलेले लेखन. आमच्या पिढीच्या रेडिओवाल्यांना हे नाव परके नाही. आरसीएचे जुने व्हॉल्व्ह मॅन्युअल (रेडिओतील काचेच्या नळ्यांची माहितीपुस्तिका) पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत हाताळूनच मी पहिली सर्किटची आकृती वाचायला शिकलो. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९४२ मध्ये न्यू जर्सीतील प्रिन्स्टन येथे संशोधन केंद्र उभारले. १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी हे केंद्र एसआरआय या संशोधन संस्थेकडे गेले. येथपर्यंतची कथा आपल्याकडच्या कोणत्याही बंद कारखान्यासारखीच आहे. फरक त्यापुढे पडला. प्रिन्स्टनमध्ये आरसीएचे दीर्घकाळ प्रमुख असलेल्या डेव्हिड सारनॉफ यांच्या नावाचे जे ग्रंथालय होते, ते २००९ मध्ये बंद झाले तेव्हा तेथील प्रयोगवह्या, अंतर्गत तांत्रिक अहवाल आणि छायाचित्रे डेलावेअर राज्यातील हॅगली या संग्रहालय-ग्रंथालयाकडे सोपवण्यात आली. ड्यू पाँ घराण्याच्या जुन्या बंदुकीच्या दारूच्या कारखान्याच्या आवारात वसलेली ही संस्था उद्योगधंद्यांचीच कागदपत्रे जतन करते. आज तेथे आरसीएच्या अभियंत्यांच्या हजारो वह्या अभ्यासकाला पाहता येतात.

या वह्या इतक्या नेटक्या का राहिल्या, याचे कारण मात्र इतिहासाच्या प्रेमात नसून पेटंटच्या कायद्यात आहे. मार्च २०१३ पर्यंत अमेरिकेत ज्याने प्रथम शोध लावला त्याचा हक्क मानला जाई. प्रथम अर्ज कोणी केला, हा मुद्दा दुय्यम होता. साहजिकच शोधाची तारीख सिद्ध करावी लागे. म्हणून पक्क्या बांधणीची, छापील पृष्ठांकांची वही, शाईनेच लिहायचे, चूक झाल्यास खाडाखोड न करता एकच रेघ मारायची, पानाखाली तारीख आणि सही, आणि शेजारी ‘वाचले व समजले’ असे म्हणणाऱ्या साक्षीदाराची सही, अशी शिस्त तेथील प्रयोगशाळांत मुरली होती. आपल्याकडे प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य असल्याने या शिस्तीची सक्ती कधी झालीच नाही. आमच्या वहीत निम्म्या पानांवर तारीखसुद्धा नाही, हे येथे कबूल करायला हवे.

अशा कागदांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. द्रवस्फटिकाच्या (एलसीडी) पडद्याचेच उदाहरण घ्यावे. जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रिन्स्टनमध्ये १९६४ च्या सुमारास हे काम हाती घेतले, तेव्हा उपलब्ध पदार्थ शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापवल्याशिवाय द्रवस्फटिक अवस्थेत येत नसत. सामान्य तापमानाला चालणारी मिश्रणे तयार झाली आणि मे १९६८ मध्ये आरसीएने हा शोध जगजाहीर केला. पण १९७३ मध्ये असा पडदा लावलेला खिशात मावणारा गणकयंत्र-संच बाजारात आणला तो जपानच्या शार्प कंपनीने. ज्याच्या घरात शोध लागला त्याच्या हातून तो कसा निसटला, हा प्रश्न पेटंटचे दस्त वाचून सुटत नाही, कारण पेटंटमध्ये केवळ जमलेले लिहिलेले असते. आरसीएच्या व्हिडिओ डिस्कचेही, म्हणजे घरी चित्रपट पाहण्याच्या तबकडीचेही, तसेच. १९६० च्या दशकापासून तिच्यावर काम चालले होते, १९८१ मध्ये ती विक्रीला आली आणि १९८४ मध्ये कंपनीने पन्नास कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसून ती डिस्क चालवणाऱ्या यंत्रांचे उत्पादन बंद केले. फसलेल्या प्रकल्पाचे कागद जपणे कोणत्याही कंपनीला आवडत नाही, आणि शिकण्यासारखे बरेचसे त्यातच असते.

आपल्याकडे कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवणे बंधनकारक आहे. प्रयोगवहीसाठी तशी मुदत नाही. पुण्यातील टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आणि विक्रोळीतील गोदरेज अर्काइव्ह्ज यांनी आपापल्या समूहांचे दप्तर सांभाळण्याचे चांगले काम केले आहे. पण ज्या मध्यम आणि लहान कंपन्यांच्या पाठीशी असा समूह नाही, त्यांचे काय? पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आपण अभिमानाने दाखवतो. एखाद्या मामलतदाराने पाठवलेला पावसाचा मोडी अहवाल दोनशे वर्षांनी मोलाचा ठरतो, तर पावसाने फोडलेल्या ट्रान्सफॉर्मरचा मराठी-इंग्रजी मिश्र टिपणांतला तपास चाळीस वर्षांत रद्दी का ठरावा?

गुप्ततेची सबब पुढे येईल, हे मी जाणून आहे. पेटंटचे आयुष्य वीस वर्षांचे असते. कागद पंचवीस वा तीस वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर स्वीकारण्याची पद्धत अभिलेखागारांत रूढ आहे. बंद पडलेल्या कंपनीची मालमत्ता विकण्याची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याकडे असते, त्याने विकास विभागाचे कागद रद्दीत काढण्यापूर्वी निदान तीन महिने एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाला देऊ करावेत, एवढा नियम करण्यास फार खर्च येणार नाही. जागेची अडचण खरी आहे. परंतु आमच्या विभागाचे सारे कागद दोन कपाटांत मावत होते.

वही लिहिणारे सहकारी आता हयात नाहीत. त्यांच्या कुटुंबीयांनी ती योग्य संस्थेकडे देण्यास संमती दिली आहे. गेल्या वर्षभरात मी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी ‘हे कोणत्या विषयात धरायचे’ असे विचारले गेले, दुसरीकडून उत्तर आले नाही. अशी कागदपत्रे स्वीकारणारी संस्था आपल्या वाचकांपैकी कोणास माहीत असल्यास त्यांनी याच सदरातून कळवावे. वहीची मागची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, त्यामुळे फार उशीर होऊ नये अशी इच्छा आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड