अर्धी वाटी भात

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रिपोर्टचा फोटो मिळाला. ६.१ या आकड्याभोवती बाबांनी लाल पेनाने तीनदा गोल काढलाय, कागद फाटायचाच काय तो राहिलाय. बाबा, हा एचबीए१सीचा आकडा, म्हणजे तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला किती टक्के साखर चिकटली आहे ते. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ पासून पुढे मधुमेह. उंबरठ्यावर आहात, आत शिरलेला नाहीत. इथून माघारी फिरता येतं.

पण काल तुम्ही आंघोळीला गेल्यावर आईने फोनवर हळूच सांगितलं, की अकरा दिवस तुम्ही भात, धान्य, फळं सगळं बंद केलंय, आणि सकाळी उठताना भिंत धरावी लागते. हे मला तुमच्याकडून कळायला हवं होतं. रागावते आहे, हो.

कर्बोदकं एकदम तोडली की शरीरातलं इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी जास्त बाहेर टाकतात. त्यात तुमची ब्लडप्रेशरची गोळी चालूच. मग उभं राहिल्यावर दाब आणखी खाली जातो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी मनाने बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करून भोवळ येते म्हणून सांगा आणि काय खाणं सोडलंय तेही सांगा. जेवण बदललं की औषधाचा डोसही पुन्हा बघावा लागतो, हे त्यांच्या कानावर घालायलाच हवं.

आणि भात परत सुरू करा. अर्धी वाटी. ती ताटाच्या चौथ्या हिश्शात बसते. अर्धं ताट भाज्यांचं (बटाटा त्यात धरायचा नाही, बाबा, हा वाद आपला जुना आहे). उरलेल्या पाव भागात अंडी, मासे, पनीर किंवा घट्ट डाळ, जे आवडेल ते. आधी भाजी आणि प्रथिनं संपवायची, भात शेवटी घ्यायचा. तेच जेवण या क्रमाने जेवलं तर जेवणानंतरची साखर कमी चढते. मला हे आधी खुळचट वाटलं होतं. फळ अख्खं खा, रस नको. रसात चोथा जातो आणि तीन-चार फळांची साखर एका ग्लासात येते.

प्रथिनांवर मी अडून बसते आहे, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सगळ्यात जास्त स्नायू उचलतात, आणि या वयात नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. वजनकाटा खूश आणि जिना चढताना गुडघे नाराज, असं नको. फक्त क्रिएटिनिनचा आकडा (मूत्रपिंडं नीट चालतात का, ते त्यावरून कळतं) डॉक्टरांना दाखवून मगच प्रथिनं वाढवा.

तुम्हाला आकडे लागतात म्हणून एक सांगते. अमेरिकेत ३,२३४ लोकांवर झालेल्या अभ्यासाचा निकाल २००२ साली आला. ज्यांना वजन ७ टक्के उतरवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट दिलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. खरं सांगायचं तर त्यांनी कर्बोदकं नव्हे, स्निग्ध पदार्थ आणि एकूण कॅलरी कमी केल्या होत्या. म्हणजे भाताशी वैर धरण्याची गरज नाही. तुमच्या ७८ किलोंचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलो. सावकाश उतरू देत. तीन आठवडे कडकडीत उपास आणि चौथ्या आठवड्यात मिठाईचा डबा, हे तुमचं मी लहानपणापासून पाहत आलेय.

आई, आता तू. दोन स्वयंपाक करायचे नाहीत. जे बाबांचं ताट तेच तुझं, आणि उरलेला भात टाकवत नाही म्हणून तू संपवायचा नाहीस. तुझ्या चहात दोन चमचे साखर, दिवसाचे चार कप, म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम साखर नुसत्या चहातून. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी कर, जिभेला कळणारही नाही. तुझीही तपासणी करून घे, दोन वर्षं झाली. हिमोग्लोबिनही कर, कारण ते कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो.

बाबा, दर आठवड्याला लॅबमध्ये धावू नका. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा असतो. पुढची तपासणी तीन महिन्यांनी. तोवर जेवण झालं की दोघं मिळून पंधरा मिनिटं चाला, भांडत चाललात तरी चालेल.

तुमची,
लेक

ता. क. आई, बिस्किटांचा डबा माळ्यावर लपवू नकोस. ते स्टूल घेऊन चढतील, आणि सध्या त्यांना भोवळ येते आहे. ओट्यावरच ठेव.