वास येत नाही म्हणून

म्हार्दोळ, गोवा

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, वास येत नाही म्हणून कोणी मरत नाही," आणि फोन ठेवलास. मी रागावलेले नाही. पण रात्रभर डोळ्यांसमोर तुझ्या खोलीतली शेगडी आणि ओट्याखालचा सिलिंडर येत राहिला. म्हणून लिहिते. एकदाच लिहिते, मग हा विषय काढणार नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन नावाचं रसायन मिसळतात. तो कुजका वास अगदी थोडा असला तरी कळतो, पण नाक शाबूत असेल तर. त्या तापानंतर तुला सध्या वासच येत नाही, आणि घरात दुसरं कोणी नाही. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करत जा. दूध उतू जाऊन शेगडी विझली तरी तुला कळणार नाही, तेव्हा दूध तापेपर्यंत तिथून हलू नकोस.

तू मागे विचारलं होतंस, मिरची झोंबते, मग भाजीला चव का लागत नाही? झोंबणं हा वास नव्हे. मिरचीची आग आणि पुदिन्याचा थंडावा चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या वेगळ्याच नसेतून जातो. जिभेला खारट, आंबट, गोड, कडू असं मोजकंच कळतं. बाकीची चव घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाची असते. आज बांगड्याच्या हुमणात तिरफळं घातली तर तुझ्या जिभेला झिणझिण्या येतील, पण तिरफळ कळणार नाही.

नाकाच्या अगदी वर, छताशी, गंधपेशींचा लहानसा पट्टा असतो. गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही (रिसेप्टर) माणसात आहेत, आणि साधारण एका पेशीवर एकाच प्रकारचा ग्राही. एकच वास अनेक ग्राहींना कमीअधिक जागं करतो आणि त्या जुळणीवरून मेंदू जाई कुठली, सुरंगी कुठली हे ओळखतो. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी या ग्राहींची जनुकं १९९१ साली शोधली, २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. या पेशींचे तंतू कवटीच्या हाडातल्या बारीक भोकांतून वर मेंदूत जातात. डोळ्याकानांचे संदेश आधी मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या भागात थांबतात. वास मात्र न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी पोचतो.

पुन्हा वर्गात शिकवल्यासारखं झालं, माफ कर. पण तुझ्या बाबांचं कपाट मी अजून का रिकामं करत नाही, ते यावरून तुला कळेल. दार उघडलं की कापराचा आणि त्यांच्या शर्टांचा वास येतो आणि ते नुकतेच बाजारातून आल्यासारखे वाटतात, हातात माशांची पिशवी, खिशात तुझ्यासाठी सुरंगीचा वळेसर. तू सात-आठ वर्षांची असशील. मार्चमध्ये अंगणात उभी राहून म्हणायचीस, "डोंगरावर भट्टी लागली." आम्हां कोणाला काही कळत नसे. मग तासाभरात वाऱ्याबरोबर फेणीसाठी आंबवलेल्या काजूच्या बोंडूंचा वास घरात यायचा. बाबा सगळ्या वाड्याला सांगत फिरायचे, माझ्या लेकीचं नाक बघा. म्हणून तू परवा म्हणालीस की चहा नुसता गरम पाण्यासारखा लागतो, तेव्हा मला पुढे बोलवेना.

आता आशेचं सांगते. गंधपेशी मरतात तशा नव्या तयारही होतात, आयुष्यभर. कोविडच्या वेळी असं दिसलं की विषाणू मुख्यतः गंधपेशींना नव्हे, त्यांच्या आधाराच्या पेशींना धरतो. तुझा ताप कसला होता ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाच. काकी म्हणते नाकात तेल सोड. मुळीच सोडू नकोस.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली एक सराव मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. प्रत्येक वासाची बाटली थोडा वेळ हुंगायची आणि तो वास मनात आठवायचा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण अपाय काही नाही. चारही बाटल्या दामूमामाबरोबर पाठवते. निलगिरीने नाकाला गार लागेल, तो वास आला असं समजू नकोस. आणि वास परतताना आधी वेडावाकडा येऊ शकतो. कॉफी, परतलेला कांदा घाण वाटेल. घाबरू नकोस, फक्त मला सांग. आजारपणात एकटीने सगळं निभावलंस, याचा मला अभिमान आहे, पण ते मला बरं झाल्यावर कळलं याचं वाईटही वाटतं.

चवथीला ये. माटोळीचं सामान आणि पातोळ्यांसाठी हळदीची पानं मी बघते.

तुझी,
आई

ता. क. पार्सलमध्ये गॅसचा अलार्मही आहे. तो वर नव्हे, जमिनीपासून वीतभर उंचीवर लाव, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. वाजला तर दिव्याचं बटण दाबू नकोस. रेग्युलेटर बंद कर, खिडक्या उघड, बाहेर जा आणि १९०६ ला फोन कर. त्यानंतर मला.