धुक्यात अग्रहक्क कुणालाच नाही

‘धुक्यातही उजवीकडून येणाऱ्या बोटीला आधी वाट द्यावी’ हा आपल्या रविवारच्या लेखातील सल्ला चुकीचा आहे. तो नियम एकमेकींना दिसणाऱ्या यांत्रिक बोटींसाठी आहे. समुद्रातील टकरी टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील १९ व्या नियमानुसार, धुक्यामुळे दिसत नसलेल्या बोटींपैकी कुणालाच अग्रहक्क नसतो. पुढच्या बाजूने भोंगा ऐकू आला आणि टक्करीचा धोका नाही अशी खात्री नसेल, तर वेग सुकाणू सांभाळण्यापुरताच ठेवायचा, गरज पडल्यास बोट थांबवायची.

चालत्या यांत्रिक बोटीने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा. मासेमारी करणाऱ्या किंवा शिडाच्या बोटीने एक लांब, दोन आखूड. १२ मीटरपेक्षा लहान होडीला या ठरावीक संकेतांतून सूट आहे, पण तेवढ्याच अंतराने दुसरा कुठला तरी स्पष्ट आवाज करणे तिलाही बंधनकारक आहे. लेखात नेमके हेच निसटले, आणि आपल्या किनाऱ्यावर अशा होड्या काही थोड्या नाहीत!

रडारवरचा लेखकाचा भरवसाही पटला नाही. १९५६ मध्ये अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ धुक्यात धडकलेल्या ‘आंद्रेया दोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या दोन्ही जहाजांवर रडार होते. कृपया दुरुस्ती छापावी. सोबत संकेतांचा तक्ता दिलात तर मच्छीमार सोसायट्यांच्या फलकावर लावता येईल.

– एक वाचक, अलिबाग