दोन कासवं एक करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या वाळवंटी कासवांवरचा लेख वाचला. विषय घेतलात, आभार. पण 'मोहावी वाळवंटात कासवं घटली तर ॲरिझोनातून नेऊन सोडता येतील' हे वाक्य छापण्याआधी कुणा जाणकाराला दाखवायला हवं होतं. मी ॲरिझोनातल्या फिनिक्सला राहते आणि या समजुतीपायी काय होतं ते पाहिलंय.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत लास वेगासहून, म्हणजे मोहावीतून, एक कुटुंब आलं. सोबत तिकडचं पाळलेलं कासव. मुलांना त्याचा कंटाळा आला, तसं ते मागच्या टेकडीवर सोडून दिलं. त्याच्या नाकातून बुडबुडे येत होते, डोळे सुजलेले. मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या श्वसनरोगात असंच दिसतं आणि तो रानातल्या कासवांना लागतो. मी बोलायला गेले तर उत्तर मिळालं, "वाळवंटातलंच आहे, वाळवंटात सोडलं. बिघडलं काय?" पाळलेलं कासव रानात सोडायला इथे कायद्याने बंदी आहे. फोन करून कळवलं. तक्रार लिहून घेतली, माणूस काही फिरकला नाही.

बिघडतं ते हे. कोलोरॅडो नदीच्या उत्तर-पश्चिमेचं, म्हणजे मोहावीतलं, आगासिझी आणि पूर्व-दक्षिणेचं, म्हणजे आमच्याकडचं, मोराफ्काई या दोन जाती आहेत, हे 2011 मध्येच जनुकीय पुराव्यानिशी मांडलं गेलं. त्यांच्या वाटा सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीच फुटल्या. आगासिझी सपाटीच्या मातीत बीळ खणतं, तिकडचा पाऊस मुख्यतः हिवाळी. मोराफ्काई खडकाळ उतारावर, शिळांखालच्या कपारीत राहतं आणि उन्हाळी पावसाच्या तोंडावर एकदाच अंडी घालतं. वायव्य ॲरिझोनात दोघांची गाठ पडते, संकरही होतो, पण चिंचोळ्या पट्ट्यातच; कारण सपाटीचं सपाटीवर राहतं, डोंगराचं डोंगरात. ही वाटणी माणूस गाडीत घालून मोडतो. फिनिक्समधल्या पाळीव कासवांच्या जनुकीय तपासणीत मोहावीची आणि संकरित कासवं निघालीच आहेत. 2016 पासून तर मेक्सिकोच्या काटेरी झुडपांतलं एव्हगूडी ही तिसरी जात झाली. लेखात तिचा उल्लेखच नाही.

आणि छायाचित्र! मांड्यांवर काटे असलेलं ते कासव आफ्रिकेतलं सल्काटा आहे. दुरुस्ती छापाल तर त्याच पानावर, ठळक छापा.

आपली,
एक वाचक, फिनिक्स