टाके काढणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सिझेरियननंतर नवव्या दिवशी टाके काढायला आलेली आणि टेबलावर आडवी व्हायला तयार नसलेली ती बाई मीच. "बसूनच काढता येतील का?" असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही हातातला चिमटा ट्रेमध्ये परत ठेवलात आणि म्हणालात, "डोकं कधी जास्त दुखतं? आडवं झाल्यावर की बसल्यावर?"

आभार त्या प्रश्नाचे.

डोकं 4 दिवस ठणकत होतं. घरच्यांच्या मते जागरणामुळे. फोनवर विचारलं तर, पाठीत दिलेल्या भुलीमुळे दुखतंय, पडून राहा. पडलं की कवटी फुटेल असं व्हायचं, म्हणून 3 रात्री मी उशांना टेकून बसूनच काढल्या. हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. भुलीचं दुखणं उठून बसल्यावर वाढतं आणि पडल्यावर उतरतं, तुमचं उलटं आहे, असं तुम्ही म्हणालात. मग भराभर विचारलंत: खोकताना वाढतं का, धूसर दिसतं का, एखादा हात-पाय जड वाटतो का, फिट आली होती का? धूसर दिसत होतं. मला वाटलं, झोप नाही म्हणून.

टाके तसेच राहिले, तुम्ही डॉक्टरांना घेऊन आलात. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि खरं सांगते, मी घरी जायला पिशवी उचलली होती. डॉक्टरांनी मात्र एमआरआय आणि सोबत व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांमधलं रक्त दाखवणारी तपासणी, करायला लावली. मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी निघाली. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून गरोदरपणातच रक्ताची गोठण्याची ताकद वाढते, आणि बाळ झाल्यावरही काही आठवडे ती ओसरत नाही. मला हे तेव्हा कळलं!

आधी गुठळी वाढू न देणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं, मग 6 महिने त्याच कामाच्या वॉरफरिनच्या गोळ्या. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, 2 ते 3 च्या मध्ये ठेवायचा, त्यासाठी सारखं रक्त तपासायचं. अंगावरचं दूध तोडावं लागेल ही धास्ती सगळ्यांत मोठी होती. नाही तोडावं लागलं. गुठळीचा धोका वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या मात्र मला कायमच्या बंद.

टाके 3 दिवसांनी वॉर्डातच दुसऱ्या सिस्टरांनी काढले, खाट अर्धी वर करून. वॉरफरिन गेल्या महिन्यात थांबलं. आता रात्री एकाच उशीवर झोपते, बाळ झोपू देईल तेवढी.