परत येणारा हात

परभणी,
१८ एप्रिल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सुटलेलं कराटे पंचेचाळिशीत पुन्हा धरायचं म्हणतोस, तेही एकट्यानं, गच्चीवर, उजवा गुडघा कुरकुरत असताना. काय सुरू करू असं तू विचारलंस. मी आधी काय सोडायचं ते सांगतो. डोक्याच्या उंचीची मवाशी गेरी, म्हणजे बाजूनं फिरवून मारायची लाथ, सोड, उडी मारून घ्यायच्या लाथा सोड, आणि तालमीतल्यासारख्या शंभर बैठकांचं तर नावही काढू नको. पहिले तीन महिने लाथ कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही. ताकद लवकर परत येते, सांध्यांचे स्नायुबंध मात्र हळूहळू तयार होतात. दुसऱ्या महिन्यात अंगात जोर आल्यासारखं वाटतं आणि नेमकं तेव्हाच काहीतरी लचकतं.

आता मुद्द्याचं. पुढं जाणारा हात आणि वर जाणारा पाय सगळ्यांनाच दिसतो. आपल्या वयात बिघडतं ते परत येताना. हात ओढून घेताना, लाथेनंतर पाय ठेवताना, वळताना, खालून उठताना. म्हणून यंदा सगळं लक्ष परतीवर ठेव, मार आपोआप सुधारतो.

माए गेरी, म्हणजे समोर मारायची सरळ लाथ, तीच घे. तिचे चार तुकडे आहेत: गुडघा वर, पाय पुढं, पाय मागं, मग जमिनीवर. चौघांतला तिसरा बहुतेक जण गाळतात. पाय पुढं फेकला की तो तसाच खाली पडतो, त्यामागं सगळं वजन पडतं आणि हिसका गुडघ्याला बसतो. उपाय सोपा आणि कंटाळवाणा आहे. एका हातानं गच्चीचा कठडा धर, लाथ मार, पाय मागं ओढून गुडघा वरच ठेव आणि मनात दोन आकडे मोज. मगच पाय खाली. प्रत्येक पायाला दहा. दोन आकडे तोल टिकला नाही तर लाथ उंच गेली समज, वीतभर खाली घे. मारताना बोटं वर ओढून चवडा पुढं काढायचा. बोटं सैल राहिली की पहिला मार अंगठाच खातो.

झुकीत, म्हणजे ठोशात, दुखणं कोपराचं. हवेत ठोसा मारताना हाताला अडवायला समोर काहीच नसतं, त्याला शेवटी कोपराचा सांधाच अडवतो. पन्नास ठोसे जोरात मारले की दुसऱ्या दिवशी चहाचा कप उचलताना कोपर आठवण करून देतं. तेव्हा कोपर पूर्ण सरळ व्हायच्या किंचित आधी थांब. मूठ शेवटच्या टप्प्यातच पालथी कर, निघतानाच फिरवली तर कोपर बाहेर फाकतं. आणि सगळा कस दुसऱ्या हातात आहे. हिकिते म्हणजे मागं येणारी मूठ, ती उताणी होऊन कमरेच्या हाडाशी येते आणि कोपर पाठीमागं सरळ राहतं. हा हात जितका झटक्यात येईल तितकी कंबर फिरते आणि पुढच्याला वेग मिळतो. पोरांना हे सांगून पटत नाही. त्यांच्या मागच्या हातात टॉवेल देऊन त्याचं दुसरं टोक आपण धरायचं आणि तो ओढत ठोसा मारायला लावायचं, म्हणजे कळतं.

जागेचं सांगतो. गच्चीचा कोबा खरबरीत असेल तर तो तळपाय पकडून ठेवतो. काता म्हणजे ठरावीक हालचालींची साखळी, आणि हेइआन शोदान हा त्यातला पहिला. त्यात पहिल्या ओई झुकीनंतर, म्हणजे पाऊल पुढं टाकून मारलेल्या ठोशानंतर, मागं वळायचं असतं. तिथं उजवा पाय मागून फिरतो आणि वळण डाव्यावर येतं. डावा पाय कोब्याला चिकटून बसला तर अंग वळतं, पाऊल वळत नाही आणि मधला पीळ गुडघा सोसतो. तुझा गुडघा यातूनच बोलत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. वळताना वजन किंचित टाचेकडं घेऊन चवडा मोकळा सोड. पायाची बोटं जिकडं तिकडंच गुडघ्याचं तोंड, एवढं पाळलं तरी निम्मं दुखणं जातं. घरातल्या शहाबादी फरशीचं उलट आहे, घामाचे चार थेंब पडले की ती बर्फ होते. सतरंजी तर मुळीच टाकू नको, सतरंजी सरकते. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या २० मिलिमीटर जाडीच्या मॅट चालतात, पण त्या गच्चीवर उन्हात ठेवू नको, कडा वाकतात. सराव झाला की जिन्यात आणून ठेवायच्या.

दाची म्हणजे उभं राहायचा पवित्रा. झेनकुत्सु दाचीत पुढचा गुडघा वाकवून पावलं लांब टाकतात, तिची लांबी पुस्तकात खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट सांगतात. तू सध्या दीडपटच घे. दोन पावलांच्या मधली आडवी रुंदी मात्र खांद्याएवढी ठेव, सगळे तिथंच चुकतात. पावलं एका दोरीवर आली की कोणी बोटानं ढकललं तरी माणूस कलतो. पुढचा गुडघा अंगठ्याच्या रेषेत, मागची टाच जमिनीला टेकलेली. टाच उचलत असेल तर पोटरी आखडली आहे, तेव्हा दाची आणखी आखूड कर.

रोजचा वेळ अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस, त्याहून जास्त नको. पहिली आठ मिनिटं घोटा, गुडघा, कंबर, खांदा, मनगट, याच क्रमानं मोकळं करायचं. मग जागेवरच दोन्ही हातांनी वीस वीस झुकी, गेदान बराई (खालचा मार झटकणं) आणि आगे उके (वरचा मार उचलून अडवणं) दहा दहा, कठडा धरून लाथा. उरलेला वेळ एकच काता, तीनदा. पहिल्यांदा अगदी संथ, दुसऱ्यांदा जोरात, तिसऱ्यांदा पुन्हा संथ. शेवटचा संथ काता खरा, कारण दमल्यावर कुठं लबाडी करतो ते त्यात उघडं पडतं.

काता हेइआन शोदानच घे. मुलांचा म्हणून हसू नको. कराटेचे गुरू इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांसाठी पिनान काता बसवले. पुढं तिथलेच कराटे गुरू फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ साली कराटे जपानच्या मुख्य भूमीवर नेलं आणि त्या कात्यांना हेइआन नाव दिलं. यात हालचाली २१, कियाई म्हणजे पोटातून आरोळी दोन, नवव्या आणि सतराव्या हालचालीला. यातली चौथी नीट बघ. पुढं गेलेला हात आणि पाऊल दोन्ही मागं ओढून घ्यायचे, जणू कोणी मनगट धरलंय, आणि वरून मुठीचा हातोडा मारायचा. पहिल्याच कात्यात, चौथ्याच हालचालीत, सुटून मागं येणं शिकवलं आहे. आणि बहुतेक क्लासमध्ये हीच हालचाल सगळ्यांत घाईत उरकतात!

कात्याची परीक्षा घ्यायला मास्तर लागत नाही, खडू लागतो. उभं राहतोस तिथं दोन्ही पावलांभोवती खडूनं रेघ मार. हा काता जिथं सुरू होतो तिथंच संपला पाहिजे. मधल्या ओळीत जाताना एक गेदान बराई आणि तीन आगे उके, येताना एक गेदान बराई आणि तीन ओई झुकी. परत आल्यावर खुणेच्या अलीकडंच राहिलास तर झुकीची पावलं आखूड पडतायत. खूण ओलांडून गेलास तर जोराच्या नादात पाय लांबतोय. डावी-उजवीकडं सरकलास तर एखादं वळण तिरकं झालंय. महिनाभर रोज किती बोटं चुकलं ते भिंतीवर लिहीत जा.

मोजण्यावरून आठवलं. दोजो कुन म्हणजे कराटेच्या तालमीचे नियम, त्याची पाच वाक्यं असतात आणि प्रत्येक वाक्य ‘हितोत्सु’ म्हणजे ‘एक’ म्हणूनच सुरू होतं, दुसरं-तिसरं काही नाही, सगळी पहिल्या मानाची. आपल्याकडं खळ्यावर ज्वारी मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. गच्चीवर इची-नी-सान असं जपानी एक-दोन-तीन म्हणायची लाज वाटत असेल तर बिनधास्त लाभ, दोन, तीन म्हण. कराटेचं काही बिघडत नाही.

माकिवारा, म्हणजे ठोसे मारायची जमिनीत रोवलेली फळी, पुरायचं म्हणतोस. पुरायचाच तर आपल्या काळ्या रानाचा विचार करून पूर. ही जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या मातीत ठोकलेली फळी पहिल्याच उन्हाळ्यात दातासारखी हलायला लागते. तीन फूट खड्डा घे, तळाशी दगड, फळीला खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकून ती उभी कर, मग भोवती मुरूम थराथरानं पाणी मारून कुटून भर, काढलेली काळी माती परत घालू नको. फळी चार इंच रुंद, वरचं टोक आपल्या छातीइतकं. बुंध्याशी अडीच-तीन इंच जाड आणि वर निमुळती होत अर्ध्या इंचावर यायला हवी, कारण माकिवाराचं सगळं काम वाकण्यात आहे. ठोसा लागल्यावर टोक दोन-तीन इंच मागं गेलं पाहिजे आणि मूठ मागं ढकलत परत आलं पाहिजे. न वाकणाऱ्या फळीवर मारणं म्हणजे भिंतीवर मारणं, सगळा मार मनगटात परत येतो. बाभूळ फुकट मिळते म्हणून वापरू नको, ती गाठाळ आणि ताठ. सरळ रेषांचं, बिनगाठीचं सागवान घे. जपानात तिच्यावर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळतात, आपल्याकडं अंबाडीची दोरी तेच काम करते.

पहिला महिना मारायचं नाहीच. मूठ टेकवायची, मनगट सरळ आहे ना ते बघायचं आणि कमरेनं दाबायचं. दाब तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी आला पाहिजे. करंगळीकडं गेला तर मूठ तिरकी आहे. मग दिवसाआड, प्रत्येक हातानं दहा. कातडी फुटली की पूर्ण भरेपर्यंत बंद. तुला साखर निघाली असेल तर माकिवारा विसर, तसली जखम चिघळते. आणि पोराला मुळीच मारू देऊ नको, वाढत्या वयातल्या हाडांवर हा मार नको.

मे तोंडावर आलाय. परभणीचा पारा ४२-४३ ला टेकला की कोबा रात्री दहापर्यंत भाजत असतो, म्हणून संध्याकाळ विसर. पहाटे सव्वापाच ते पावणेसहा. गी, म्हणजे कराटेचा पोशाख, घालायचा हट्ट नको, सुती बनियन पुरे. आधी अर्धा तास दोन पेले पाणी. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, लिंबू चवीपुरतं. उपाशीपोटी नुसता चहा ढोसून लाथा मारू नको. मूठभर भिजवलेले शेंगदाणे खा, नंतर भाकरी आणि पिठलं. गी बोअरच्या पाण्यात धुतला की पिवळट आणि कडक होतो, शेवटची बादली पिण्याच्या पाण्याची घे.

पोराच्या बेल्टचं: दर तीन महिन्यांनी बेल्ट आणि आधी फी, असा क्लास असेल तर दुसरा शोध. पट्ट्यांची ही पद्धत ज्यूदोच्या कानो जिगोरोंकडून आली, आणि फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे १९२४ साली दिले. क्लास बघायला जाशील तेव्हा बेल्ट बघू नको, मास्तर पोरांच्या पावलांकडं बघतो का ते बघ. ऑलिम्पिकचं आमिष दाखवत असेल तर सांगून टाक: टोकियोच्या खेळांत, म्हणजे २०२१ साली, कराटे होतं, २०२४ ला पॅरिसमध्ये नव्हतं.

बाकी दिवसभराचं. वीस लिटरचा पाण्याचा जार म्हणजे वीस किलो. तो कंबर वाकवून उचलला आणि तसंच वळलं की गेली कंबर. किबा दाचीत, म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं पाय फाकवून, बस, जार पोटाशी घे, उठ, मग पावलं टाकून वळ. ठेवताना तर दुप्पट जप, कारण उचलताना सगळे सावध असतात आणि ठेवताना सोडून देतात. भरलेल्या गॅसच्या टाकीचंही तेच, गॅस १४.२ किलो आणि वर टाकीचं वजन. यष्टीत उभं राहायची वेळ आली तर खिडकीकडं तोंड करून पाय गाडीच्या लांबीत फाकव, ब्रेक लागला की वजन या पायावरून त्या पायावर जातं, कोणाच्या अंगावर जात नाहीस.

भांडणाचं तू विचारलं नाहीस, पण तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून लिहितो. कोणी अंगावर येत असेल तर अर्धं पाऊल मागं, दोन्ही पंजे उघडे आणि छातीच्या उंचीवर. यानं माआई म्हणजे दोघांतलं अंतर वाढतं, हातही तयार राहतात आणि चार लोकांना तू समजूत घालतोयस असंच दिसतं. मूठ वळलीस की पंचनाम्यात तू आधी येतोस. हेइआनचे पाचही काते अडवण्यानं सुरू होतात ते उगाच नाही. आणि माणूस निघून गेला तरी लगेच पाठ फिरवू नको, श्वास खाली बसेपर्यंत तिकडंच बघ. काता संपल्यावर क्षणभर उभं राहतो तोच झानशिन, म्हणजे शेवटीही टिकणारं भान.

उत्तरात दोन गोष्टी लिही. गच्चीची लांबी-रुंदी टाकी आणि दोऱ्या सोडून किती भरते, आणि गुडघा नेमका कुठं दुखतो, आतल्या बाजूला की वाटीखाली, जिना चढताना की उतरताना. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल तर माझ्या पत्राची वाट न बघता आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव. वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच,
मित्र