पाणीवाल्या बाईंना, गोरेगावहून

ती. मृणालताई गोरे यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. १७ जुलै २०१२ नंतर तुमच्यावर भाषणं पुष्कळ झाली, गोरेगावातल्या उड्डाणपुलाला तुमचं नावही लागलं. आईचं म्हणणं असं, की आभार मोघम मानू नयेत, कशाचे ते सांगावं. तिच्या वतीनेही लिहितेय, तेव्हा तिच्याच क्रमाने लिहिते.

पहिले आभार नळाचे.

आमची वस्ती आरेच्या अलीकडे, उतारावर. मागच्या टेकड्या ओलांडल्या की विहार तलाव. १८६० पासून तो मुंबईला पाणी पाजतोय. त्याच्या इतक्या जवळ राहूनही आमचे हंडे कोरडे. गोरेगाव १९५७ पर्यंत मुंबई महापालिकेत नव्हतंच. पण हद्दीत आल्यावरही झोपड्यांच्या वाट्याला नळ आला नाही. झोपडी अनधिकृत, आणि तिला पाणी दिलं तर ती मान्य केल्यासारखं होईल, हा साहेब लोकांचा हिशेब. कागदावर तो बरोबरही असेल. आई पहाटे चार वाजता खालच्या चाळीच्या नळावर जायची. चाळकऱ्यांचं भरून झालं आणि धार टिकली, तर आमचा नंबर. एखादी काकू दोन कळशा जास्त भरू द्यायची, एखादी आमच्या देखत नळाला कुलूप घालायची. त्या दुसरीचाही मला आता फार राग येत नाही. तिच्याकडे तरी कुठे धो धो येत होतं!

तुम्ही दोन गोष्टींची गाठ सोडवलीत. जमीन कुणाची याचा वाद वेगळा आणि माणसाला प्यायला पाणी हवं हा प्रश्न वेगळा. आज हे साधं वाटतं. तेव्हा हे बोलायला ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून १९६१ साली महापालिकेत जावं लागलं, १९७२ साली विधानसभेत जावं लागलं आणि मध्ये कितीदा हंडे घेऊन रस्त्यावर बसावं लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा आहे म्हणून तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही, पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, ''हे तर ताई केव्हापासून सांगत होत्या. कोर्टाला उशिरा कळलं.''

वस्तीत सामायिक नळ आला तेव्हा मी शाळेत होते. पाणी तासभरच यायचं आणि भांडणं पूर्वीपेक्षा वाढली, हेही सांगते, नाहीतर आमचं सगळं सुरळीत झालं असं वाटायचं. पण भांडण आपल्या नळावरचं होतं. कुणाच्या दारात उभं राहायचं नव्हतं.

आई सांगते, तेलाचंही लिही. १९७२चा दुष्काळ, त्यात तेल, साखर, रॉकेल सगळंच महागलेलं, आणि तुम्ही, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आलात. घराघरातलं लाटणं मोर्चात आलं, थाळ्या वाजल्या. आई एरवी बाबांना विचारल्याशिवाय स्टेशनपर्यंतही जात नसे. त्या दिवशी शेजारणींबरोबर लोकलने थेट मोर्चाला गेली आणि रात्री उशिरा परतली. घरी काय झालं ते ती सांगत नाही, हसते फक्त.

आणीबाणीतल्या तुमच्या तुरुंगवासाबद्दल इतरांनी लिहिलंय. मला आठवते ती १९७७ची घोषणा, तुम्ही लोकसभेवर निवडून गेलात आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हाची: ''पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में!'' आम्ही पोरं खेळतानाही ती ओरडायचो.

आता माझे स्वतःचे आभार. यात आई नाही.

मला पहिली मुलगी झाली आणि दुसऱ्या वेळी दिवस गेले, तेव्हा मुंबईत गर्भलिंग तपासण्याची दुकानंच उघडली होती. आज थोडे पैसे खर्च करा, उद्याचा हुंडा वाचवा, अशा धर्तीच्या जाहिराती उघड लागायच्या. सासरच्या एकांनी पत्ताही आणून दिला होता. त्याच काळात तुम्ही विधानसभेत याविरुद्ध अशासकीय विधेयक आणलंत, बाहेर स्त्रियांच्या संघटना झगडत होत्या, आणि १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, देशातला पहिला. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. कायद्याने तपासण्या थांबल्या असं मी म्हणणार नाही, आपल्या राज्यातले नंतरचे मुलींचे आकडे सगळ्यांनी पाहिलेत. पण ''हे गुन्ह्यात बसतं'' एवढं वाक्य माझ्या हाती आलं आणि घरात ते पुरलं. धाकटी आता पुण्यात नोकरी करते. तिला हे मी अजून सांगितलेलं नाही, या पत्रातून कळेल.

आणि घर. नागरी निवारा परिषद ही तुम्ही गरिबांच्या घरांसाठी उभी केलेली संस्था, तिच्या दिंडोशीच्या घरात आम्ही राहतो. १९७६चा कमाल जमीन धारणेचा कायदा होता, जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी यावी असं त्यात होतं, पण बिल्डरांच्या शहरात ती मिळवायची कशी? तुम्ही आणि बाबूराव सामंत कोर्टकचेऱ्या करत तिच्या मागे लागलात. आमच्यासारख्या हजारो कुटुंबांना त्यातून छप्पर मिळालं. गोरेगावात आज याच आकाराच्या घराचा भाव ऐकला की आई कानावर हात ठेवते. भाव काढून विकून गेलेलेही आहेत, त्यांना मी नावं ठेवत नाही.

आमच्या सोसायटीच्या मागे नवी झोपडपट्टी उभी राहिलीय. तिथल्या बायका टँकरवाल्याकडून पिंपाच्या हिशेबाने पाणी विकत घेतात, म्हणजे आमच्या टाकीतल्या पाण्यापेक्षा किती तरी महाग. सोसायटीच्या सभेत मी विषय काढला तेव्हा ''ते अनधिकृत आहेत'' हे वाक्य आलंच, आणि बोलणारे काका स्वतः झोपडीतूनच इथे आलेले. तरी अर्ज तयार झालाय, न्यायालयाच्या निकालाची प्रत जोडलीय, सह्या त्या बायकांनीच गोळा केल्यात. सोमवारी वॉर्ड ऑफिसात जायचंय. आईलाही यायचंय. गुडघ्यांनी साथ दिली तर रिक्षाने नेईन.

तुमची,
गोरेगावची एक मतदार